चंदाचा निळा फोटो

१

म्हशाच्या जत्रेचा पहिला दिवस. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. टोकावड्याच्या पुढच्या उतारावर गुरं परत आणणाऱ्यांना चंदा सापडली. रस्त्याच्या खालच्या अंगाला, घाणेरीच्या जाळीत, एक चप्पल पायात आणि दुसरीचा पत्ता नाही. डोकं मागून फुटलं होतं आणि अंग अजून पुरतं गार पडलेलं नव्हतं. चार वाजता त्याच रस्त्यावर मोळीवाल्या बायांना ती चालत येताना भेटली होती, दोन शब्द बोललीही होती. म्हणजे जे झालं ते त्या एका तासाच्या आत झालं.

मारलं कोणी, हे ठरवायला वाडीला आणि चौकीला मिळून अर्धा तास पुरला. नवऱ्यानं मारलं, दुसरं कोण मारणार? भगीरथ पिणारा, हात उचलणारा, आणि त्याच दुपारी जत्रेत शंभर माणसांदेखत बायकोशी कडाकडा भांडलेला. भांडण कशावरून, तर तिनं त्याला न विचारता फोटोवाल्याच्या मांडवात जाऊन एकटीचा फोटो काढून घेतला, यावरून. ती रागारागानं एकटीच टोकावड्याची गाडी धरून घरी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भगीरथ जत्रेच्या मागं एका बैलगाडीखाली झोपलेला सापडला. काल संध्याकाळी कुठं होतास, या प्रश्नाला त्याच्याजवळ एकच उत्तर होतं, "आठवत नाय." अशा माणसाला आत टाकायला फार डोकं चालवावं लागत नाही.

चौकीतल्या हवालदार जयराम रोकडेला मात्र हे पचेना. पंचावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, पंचनामा लिहायला बसला की दोन तास उठायचा नाही असा हा माणूस. साहेब त्याला कासव म्हणायचे आणि तो रागवायचा नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. म्हशापासून तो उतार चांगला तीस किलोमीटर. ज्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नव्हतं, तो एवढं अंतर जाऊन, बायकोला मारून, परत त्याच गाडीखाली येऊन झोपला कसा?

"दारुड्याला जीपवाले घेत नाहीत का, जयराम?" साहेब म्हणाले. साहेब वाईट नव्हते, फक्त त्यांच्या टेबलावर सतरा कामं होती. "तुला हा नको असेल तर दुसरा माणूस आण. तोवर हाच."

जागा बघायला गेला तेव्हा जयरामला रस्त्याच्या कडेला नखाएवढी काच मिळाली होती. जाड आणि रेघारेघांची, गाडीच्या पुढच्या दिव्याला असते तशी. साहेबांनी ती बघून परत त्याच्या हातात ठेवली. रस्ता काचांनी भरलेला असतो, हे काही खोटं नव्हतं. पण जयरामनं ती काडेपेटीत घातली आणि रोज सकाळी फाट्यावर जाऊन जीपांच्या तोंडाकडं बघत उभा राहू लागला.

दहाव्या दिवशी दुसरा माणूस आपण होऊन समोर आला.

२

अनंताच्या जीपचा उजवा दिवा धुरकटलेला, पिवळा पडलेला होता, आणि डावा नवरीच्या बांगडीसारखा लखलखीत. मुरबाड ते टोकावडे आणि पुढं वाड्यांपर्यंत अशी त्याची जीप दिवसाला चार-पाच फेऱ्या मारायची. माणूस हसतमुख, सगळ्यांना दादा-मामा करणारा, म्हाताऱ्यांना पुढची सीट देणारा. जयरामनं बॉनेटवर हात ठेवला आणि सहज विचारलं, "काच कधी बदललीस रे?"

"कुठल्या दिवशीचं विचारताय, हवालदार? जत्रेच्या पयल्या दिवशी मी म्हशाला होतो. सवा चारला तर मी सावळारामच्या मांडवात फोटो काढत होतो." आणि त्यानं शर्टाच्या खिशातून फोटो काढून दाखवला.

आता बघा, जयरामनं काच विचारली होती. दिवस विचारला नव्हता, वेळ तर मुळीच नाही. माणूस घरातून बाहेर पडताना पैसे घेतो, बिड्या घेतो. दहा दिवसांपूर्वी आपण कुठं होतो याचा पुरावा खिशात घालून कोण फिरतं?

पण फोटो बिनतोड होता, ते मान्य करायलाच हवं. मागं सावळारामचा तो जुना पडदा, निळ्या आभाळात उडणारं पांढरं विमान. पुढं पिवळ्या शर्टातला अनंता, डावा हात छातीवर आडवा, मनगट बाहेर वळवलेलं. घड्याळात सवाचार इतके स्वच्छ दिसत होते, की फोटो घड्याळाचा काढलाय आणि अनंता चुकून त्यात आलाय असं वाटावं. रंग तर काय सांगावेत. शर्ट हळदीसारखा पिवळा, चेहरा गव्हाळ, दात पांढरेशुभ्र. फक्त गुडघ्यांच्या उंचीवरून एक केसाएवढी पिवळी रेघ फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

साहेबांनी फोटो फाइलला लावला. मुरबाडहून सावळारामला बोलावून जबाब घेतला. अनंता चहाच्या वेळेला आला होता, असं त्यानं सांगितलं आणि सही केली. सावळाराम जयरामचा तीस वर्षांचा दोस्त. जयरामच्या लग्नापासून मुकेशच्या, म्हणजे त्याच्या पोराच्या, शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळे फोटो त्यानंच काढलेले. सही करताना त्यानं जयरामकडं एकदाही बघितलं नाही.

"झालं समाधान?" साहेबांनी विचारलं.

जयराम हो म्हणाला आणि तिथून सरळ चंदाच्या आईकडं गेला.

३

भिमीचं घर वाडीच्या टोकाला. कुडाच्या दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. नवरा केव्हाच गेलेला, आणि चंदा एकुलती एक. भिमी अंगणात हिरडे वाळत घालत होती, आणि हवालदाराला बघून तिनं हात थांबवला नाही.

"भगीरथला फाशी कंदी देताय?" तिनं विचारलं.

"भिमीबाय, मला वाटतं भगीरथनं नाय मारली तिला."

"मंग कोनी मारली? माझ्या पोरीच्या अंगावर वळ कोनाच्या हाताचं होतं? तीन साल मी बगत व्हते." तिनं हिरड्यांची पाटी आपटली. "तुमी पोलीस लोक. बाप्याचीच बाजू घेनार."

जयराम खाली बसला. चंदा घरून किती वाजता निघाली, कोणाबरोबर, हे त्यानं हळूहळू विचारून घेतलं. शेवटी तिनं काय कपडे घातले होते असं विचारलं, तेव्हा भिमी उठली आणि आतून पत्र्याची पेटी घेऊन आली. लुगड्याच्या तुकड्यात एक फोटो गुंडाळलेला होता.

"ह्यो जत्रेत काढला व्हता तिनं. तिच्या वट्यात चिठ्ठी गवसली, ती दाखवून मी मुरबाडास्नं आनला. तिनं सोता नाय बगितला."

जयरामनं फोटो उन्हात धरला. फोटोत चंदा निळी होती. चेहरा निळा, हात निळे, लाल लुगडं जांभळं पडलेलं. ती मात्र हसत होती. नवऱ्याला न विचारता आयुष्यात एक गोष्ट केल्याचं ते हसू होतं, एवढं जयरामला कळलं.

"फोटूवाला बोलला, धुताना चूक झाली, तसाच घेऊन जा, फुकट. निळी तर निळी. तिचा दुसरा एक फोटू नाय कुठं. लग्नात बी नाय काढला." भिमीनं पदरानं फोटोवरचा जयरामच्या बोटाचा ठसा पुसला.

जयरामला स्वतःची आई आठवली. तो सात वर्षांचा असताना ती गेली आणि तिचा एकही फोटो नाही. चेहरा आठवायला गेलं की धाकट्या मावशीचा चेहरा पुढं येतो. त्यानं फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. तेव्हा त्याची नजर फोटोच्या खालच्या भागावर गेली.

गुडघ्यांच्या उंचीवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसाएवढी पिवळी रेघ गेली होती. तोच मांडव, तेच विमान आणि तीच रेघ. मग एकच दिवस, एकच उजेड, तर चंदा निळी आणि अनंता गव्हाळ कसा?

४

हे प्रश्न हवालदाराच्या अकलेचे नव्हते. सावळाराम स्टुडिओत फोटो काढायचा, पण कागदावर छापून आणायला शहापूरच्या कलर लॅबमध्ये जायचा, एवढं जयरामला ठाऊक होतं. त्यानं साहेबांकडून एक दिवसाची रजा घेतली, सरळगावला उतरून किन्हवलीची गाडी पकडली, आणि धुळीनं पांढरा होऊन शहापूरला पोचला.

मशीनवर पल्लवी नावाची मुलगी होती. पंचविशीतली, चष्मेवाली, हातात पांढरे मोजे. बोलताना तिची नजर मशीनवरून हलत नव्हती.

"सावळाकाकांचा जत्रेचा रोल ना? तो कसा विसरेन, काका. आमच्याकडे धुवायलाच आणला होता त्यांनी. मालकांनी घेतला नाही."

"का?"

"तो साधा रोल नव्हता. सिनेमावाल्यांची फिल्म. शूटिंगमध्ये उरलेले तुकडे मिळतात मुंबईत, ते काळोखात मोजून आपल्या जुन्या डबीत भरायचे. त्या फिल्मच्या पाठीला काजळीसारखा काळा थर असतो. तो आमच्या केमिकलमध्ये सुटला तर सगळी टाकी वाया. मग काकांनी घरीच धुतला आणि मला फक्त छापायला दिला. मला म्हणाले, पल्लवी, हा माझा एक्सपेरिमेंट आहे. तू रंग सुधारायला जाऊ नकोस. सगळे एकाच सेटिंगवर काढ, मला बघायचंय कसं येतंय ते."

"मग कसं आलं?"

"पहिले दहा-बारा निळेशार. पुढचे सगळे एकदम झकास."

"आणि एका निळ्या आणि एका चांगल्या फोटोत गुडघ्याजवळ एकच पिवळी रेघ आहे, ती?"

"डबी जुनी असली की तिच्या तोंडाला वाळूचा कण अडकतो. फिल्म ओढली जाते तशी त्या कणानं रेघ पडते, एकाच उंचीवर, सगळ्या रोलभर. दुसऱ्या रोलवर तीच रेघ येणार नाही. दोन्ही फोटोंत असेल तर रोल एकच." तिनं पहिल्यांदा मशीनवरून डोळे उचलले. "काका, एक सांगते. तो निळा फोटो तुम्हाला कशासाठी हवा ते मला माहीत नाही. पण त्याच्यावरून दुसरा काढून घेऊ नका. फोटोचा फोटो काढला की रंग बदलतो. मग कोणीही म्हणेल, निळा तुम्हीच केला."

जयरामनं मान डोलावली. निघताना दारातून त्यानं विचारलं, "पण पोरी, रोल एक, सेटिंग एक. मग अर्धे निळे का?"

"फिल्म तीच होती, काका. उजेड बदलला."

५

सावळारामच्या स्टुडिओत शिरताना जयरामला पहिल्यांदाच जड वाटत होतं. त्यानं पोलिसासारखं काही विचारलं नाही. समोरच्या स्टुलावर बसला, टोपी काढली आणि म्हणाला, "सावळ्या, यंदा जत्रेत तू रंग काय काढलेस रे. लोक बोलतायत."

कलावंताला स्तुतीसारखं व्यसन नाही. सावळारामचा चेहरा फुलला.

"अरे, तीन वर्षं डोकं फोडत होतो. जत्रेत गिऱ्हाईक खरं येतं ते दिवे लागल्यावर. आणि हॅलोजनखाली साधा रोल घातला की माणसं कावीळ झाल्यासारखी निघतात. मी म्हटलं, सिनेमावाले दिव्यांखालीच काढतात की. त्यांची माणसं पिवळी का नाय होत? तर त्यांची फिल्मच दिव्यासाठी बनवलेली. आणली तुकडे करून. पाठीचा काळा थर खायच्या सोड्यानं पुसला, हाताची सालं निघाली. पण रंग बघितलेस ना?"

"आणि दुपारी काढलेले?"

"त्यांची वाट लागली. दिव्याची फिल्म उन्हात नेली की सगळं निळं. मला ते माहीत होतं, पण म्हटलं थोडंफार चालेल. नाय चाललं. गिऱ्हाइकांनी परत फेकले ते फोटो, मी फाडून टाकले; एक म्हातारी तेवढी घेऊन गेली. मांडवाचं तोंड पश्चिमेला, संध्याकाळपर्यंत सगळा उन्हाचाच उजेड."

"हॅलोजन कधी लागले?"

"बुधूचा जनरेटर सुरू झाल्यावर. साडेसहा."

"मग सवाचारचा अनंता निळा का नाय?"

बाहेर एसटी स्टँडवर कंडक्टर माळशेज माळशेज ओरडत होता.  तेवढ्यात आतून प्रेमा, त्याची बायको, चहा घेऊन आली. अनंता तिचा सख्खा धाकटा भाऊ. तिनं दोघांच्या तोंडांकडं बघितलं आणि कपबशा तशाच हातात धरून उभी राहिली.

"सात वाजता आला," सावळाराम शेवटी म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "घामानं भिजलेला. मला म्हणाला, भाऊजी, घड्याळ बंद पडलंय, असाच काढा. मला काय ठाऊक, जयराम. दहा-बारा दिवसांनी तुमचं बोलावणं आलं तेव्हा डोक्यात लख्ख झालं."

"आणि तरी सही केलीस."

"ही पाया पडली माझ्या. मी काय करू?"

"निगेटिव्ह दे."

"नाय."

"सावळ्या, आत एक माणूस सडतोय."

"नाय म्हंजे नाहीयेत," प्रेमा म्हणाली. "बंबात घातल्या मी. तुमी काय करायचं ते करा, भाऊजी. माझ्या भावाला धा वर्सांचा असल्यापास्नं मी वाढवलाय." आणि ती चहा न देताच आत गेली.

जयराम उठला. तीस वर्षांत या दुकानातून तो चहा न पिता कधी उठला नव्हता. आता अनंताच्या बाजूनं त्याचा फोटो होता, फाइलला लावलेला. आणि त्याला खोटं पाडणारी गोष्ट जगात एकच उरली होती. ती भिमीच्या पेटीत होती.

६

"भगीरथ सुटंल?" भिमीनं विचारलं.

"सुटेल."

"मंग नको. नाय देत."

जयरामनं सगळं नीट समजावलं. दोन्ही फोटो एका रोलचे, हे ती रेघ सांगते. चंदाचा दुपारचा, म्हणून निळा. अनंताचा तसाच निळा यायला हवा होता, तो आला नाही, कारण तो दिव्याखाली काढलाय. म्हणजे चार वाजता अनंता जत्रेत नव्हता. नवा दिवा त्याच्या जीपला आहे. आणि ती जीप रोज सकाळी तुझ्याच वाडीच्या खालून जाते, भिमीबाय.

"फोटू परत मिळंल?"

"केस झाली की मिळेल. दोन-चार महिने."

हे त्याला ठाऊक नव्हतं. तरी तो म्हणाला.

 भिमीनं वेगळंच विचारलं. "पडली तवाच गेली का ती? का पडून व्हती?"

डॉक्टरनं लिहिलेला कागद जयरामनं चार वेळा वाचला होता. न सांगता येणं शक्य होतं. त्यानं सांगितलं, "अर्धा तास तरी होती जिवंत. त्यानं तिला उचलून जाळीत टाकली आणि गेला."

भिमी उठली, आत गेली आणि पेटी उघडल्याचा आवाज आला. फोटो हातात देताना तिनं लुगड्याचा तुकडा मात्र काढून घेतला. दोन पंचांसमोर जयरामनं फोटो पाकिटात घातला, लाखेनं बंद केला, भिमीचा अंगठा घेतला. पल्लवीचं बोलणं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. या फोटोला कुठल्याही स्टुडिओचा हात लागला असता तर पुरावा मेला असता. म्हणून त्याची दुसरी प्रत काढून तिला द्यायचं त्यानं मुद्दाम टाळलं.

साहेबांनी अनंताला बोलावलं आणि आधी फक्त गप्पा मारल्या. मांडवात गर्दी होती का, किती वेळ थांबावं लागलं, असलं काहीबाही विचारलं. मग सहज म्हणाले, "हॅलोजन डोळ्यांवर येत असतील ना?"

"छे हो, साहेब. सवाचारला कसले दिवे? चांगलं ऊन होतं. जनरेटर पण सुरू नव्हता झाला."

"नक्की?"

"आईशपथ."

साहेबांनी ते शब्द लिहून घेतले, त्याची सही घेतली, आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी टेबलावर ठेवले. लाख फोडताना पंच परत बसवले होते. मग जयरामनं त्याच्या कासवाच्या चालीनं एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. आधी वाळूचा कण, मग सिनेमाची फिल्म, ऊन, दिवा, बुधूचा जनरेटर, पल्लवीचा जबाब. अनंता हसत ऐकत होता. जनरेटरपर्यंत आल्यावर त्याचं हसू गेलं. काडेपेटीतली काच बाहेर निघाली तेव्हा तो खुर्चीतून खाली सरकला आणि जमिनीवर बसला.

"फेरी गाठायची होती," तो म्हणाला. "जत्रेचा दिवस. म्हशाला गिऱ्हाईक उभं होतं. ती वळणावर मधीच आली."

"ती जिवंत होती."

"हां," अनंता म्हणाला. "पानी मागत व्हती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. जयराम बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिला, कारण आत राहिला असता तर त्याचा हात सुटला असता.

७

गोष्ट इथं संपायला हवी होती. गुन्हेगार सापडला, कासवाचं कौतुक झालं, निर्दोष माणूस सुटला. पण अशा गोष्टी संपतात कुठं?

भगीरथ सुटला तो भिमीच्या दारात गेलाच नाही. खर्डीकडं वीटभट्टीवर गेला आणि वर्षाच्या आत दुसरी बायको केली. अनंता महिन्याभरात जामिनावर बाहेर आला आणि त्याच रस्त्यावर त्याची जीप पुन्हा फिरू लागली. सावळारामनं जबाब बदलला, मग कोर्टात परत फिरवला, आणि प्रेमा त्याच्याशी बोलेनाशी झाली ती आजतागायत. मुरबाडला गेलं तरी जयराम स्टुडिओच्या समोरच्या फुटपाथनं जायचा.

आणि केस चालली. दोन-चार महिने म्हणता म्हणता सहा वर्षं चालली. जयराम मधेच रिटायर झाला. फोटोची एक प्रत भिमीला काढून द्यावी म्हणून त्यानं अर्जही केला, पण अनंताच्या वकिलानं हरकत घेतली. रंग हाच पुरावा आहे, निकालापर्यंत त्या कागदाला कोणाचा हात लागता कामा नये, असं तो म्हणाला. खरं तर हे आधी जयरामच म्हणाला होता.

प्रत्येक तारखेला भिमी यायची. पहाटे उठून, टोकावड्याची पहिली गाडी धरून, कोर्टाच्या आवारात आंब्याखाली येऊन बसायची. साक्षीदार म्हणून जयरामला बोलावणं असलं की दोघांची भेट व्हायची. न्यायासाठी म्हातारी किती झिजते, असं शिपाई एकमेकांत बोलायचे. जयरामलाही तसंच वाटायचं. तिसऱ्या वर्षी पल्लवीची साक्ष झाली तेव्हा पाकीट उघडलं, आणि वकिलानं फोटो वर धरला. जयरामनं वळून बघितलं. भिमी बाकावरून अर्धी उठून, मान लांब करून, त्या निळ्या तुकड्याकडं बघत होती. अनंताकडं तिचं लक्षसुद्धा नव्हतं. ती तारखांना कशासाठी येते ते जयरामला त्या दिवशी कळलं. पाकीट कधी उघडेल सांगता येत नाही, म्हणून ती सगळ्याच तारखांना यायची. सहा वर्षांत ते चार वेळा उघडलं.

निकाल लागला तो दोन हजार चार साली. अनंताला दोन वर्षांची सजा झाली. अपिलासाठी जामीनही त्याच दुपारी मिळाला. जयराम भिमीजवळ आला आणि तिला निकाल सांगितला.

"म्हंजी आता तारीख नाय?"

"नाय. संपलं इथलं."

"मंग फोटू द्या."

"तो अपील करणार, भिमीबाय. वरच्या कोर्टात जाणार. तोवर फोटो फाइलीतच राहणार."

"तिथं किती दिस?"

"सांगता येत नाय. पाच वर्षं, सात वर्षं."

"तिथं उघडत्यात का पाकीट? मी येईन."

एकदा तिला थाप मारली होती, दुसऱ्यांदा त्याची जीभ रेटेना. "नाय उघडत. तिथं नुसते कागद वाचतात."

भिमीनं मान हलवली, जणू भाजीचा भाव ऐकला. "आन त्यो वर गेलाच नाय तर?"

"तर तीन-चार महिन्यांत मिळेल तुला."

तिनं गुडघ्यांवर हात टेकले आणि उठली. आवाराच्या दुसऱ्या टोकाला अनंता वकिलाबरोबर उभा होता, चार माणसं त्याच्या पाठीवर थाप मारत होती. भिमी सरळ त्यांच्यात घुसली. जयराम मागं धावला, त्याला वाटलं म्हातारी आता त्याचा गळा धरते. पण तिनं हात जोडले. ज्यानं तिच्या पोरीला पाणी न देता जाळीत टाकलं, त्याच्यासमोर ती वाकली आणि दोन्ही हात त्याच्या पायांना लावले.

"दोन साल भोगून टाक रे बाबा," ती म्हणत होती. "वर जाऊ नको. माझी पोर अडकली हाय तिथं. मी तुला सगळं माफ केलं. तुझ्या घरच्यांना मी हिरडं देईन, मोहाची फुलं देईन, काय लागंल ते देईन. वर नको जाऊ."

अनंताचा चेहरा पांढरा पडला. त्यानं वकिलाकडं बघितलं, मग खाली बघितलं, आणि त्याला पाय मागं घेता येईनात. जयरामला तिला उठवायचं होतं, पण कुठल्या तोंडानं उठवणार? तो फोटो तिच्या पेटीतून त्यानंच काढला होता.

वकिलाला काहीच कळलं नाही. तो म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हा, आम्हाला गाडी काढायचीय."